लाजाळू बंपर

हर्षदा ढाणेनं शोधलेल्या बंपरचं कंपनीतलं नाव 'पूर्ववत' असं होतं. साताऱ्यात मात्र त्याला त्या नावानं कुणी ओळखत नसे. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत सगळे त्याला 'लाजाळू' म्हणत. बोट लागलं की मिटणारं आणि थोड्या वेळानं पुन्हा उमलणारं ते रोप सगळ्यांनी लहानपणी शाळेच्या कुंपणाशी पाहिलेलं असतं. हा बंपर तसाच वागायचा. खांबाला घासला, दुसऱ्या गाडीवर टेकला, दगडाला लागला की आत दबायचा, आणि उन्हात उभा राहिला की चहा पिऊन होईपर्यंत पुन्हा गुळगुळीत. खड्डा नाही, चरा नाही, रंग उडालेला नाही.

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'सह्यरेणू' नावाच्या कारखान्यात हर्षदा संशोधन विभाग सांभाळत होती. नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींना ती हा बंपर एका खेळावरून समजावून सांगायची.

"प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या," ती म्हणायची. "साध्या प्लास्टिकमध्ये त्या शेवयांसारख्या नुसत्या गुंतलेल्या असतात. ओढलं की सुटतात. टणक प्लास्टिकमध्ये त्या एकमेकींना कायमच्या जखडलेल्या असतात. ते तडकलं की संपलं. आपण दोन जाळ्या एकात एक विणल्यात. एक कायमची. साच्यात असताना जो आकार मिळाला तो ती विसरत नाही, दाबलं तरी परत तिथंच यायला बघते. दुसरी जाळी म्हणजे मंगळागौरीचा फेर. फेरातल्या मुलीनं एकीचा हात सोडला की ती लगेच दुसरीचा धरते. जागा बदलतात, फेर तुटत नाही. ऊन लागलं की या साखळ्यांचे हात भराभरा बदलतात आणि चरा भरून येतो."

हे बोलताना तिचा चेहरा खुलायचा, आणि ते साहजिक होतं. बाहेरच्या देशांत मोठमोठ्या प्रयोगशाळा ज्याच्या मागे होत्या, ते शिरवळमध्ये झालं होतं.

बाजारात आल्यावर चार-पाच वर्षांत लाजाळूनं गावांच्या सवयी बदलल्या. सोसायट्यांमधली पार्किंगची भांडणं आधी कमी झाली, मग थांबलीच. 'माझ्या गाडीला कुणी ठोकलं' म्हणून खाली उतरून आवाज चढवणारे लोक खिडकीतून बघून परत आत जाऊ लागले. गाडी लावण्याची रीतच वेगळी झाली. तिला 'टेकवणं' असा शब्द पडला. मागची गाडी लागेपर्यंत आपली मागे न्यायची, लागली की हातभर पुढे घ्यायची, झालं. मागं काही आलं की टिकटिक करणारी यंत्रं त्यामुळं सारखीच वाजू लागली, म्हणून लोकांनी ती बंद करून टाकली. पुढं स्वस्त गाड्यांमध्ये ती यायचीच थांबली. पार्किंगच्या पट्ट्या जवळजवळ आखल्या जाऊ लागल्या. टेकवायचंच आहे, तर जागा कशाला सोडायची?

या सगळ्याचा सर्वांत जास्त अभिमान कुणाला असेल, तर तो हर्षदाच्या वडिलांना, दिनकर ढाण्यांना. सगळे त्यांना तात्या म्हणत.

तात्या आयुष्यभर ट्रेलर चालवत आले होते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची पाती वर नेणाऱ्या चालकांत त्यांचं नाव पहिलं घेतलं जाई. एक पातं म्हणजे एखाद्या गल्लीएवढं लांब. ते घेऊन घाटाची वळणं काढायची, वाटेतल्या गावातून न्यायचं, एका अंगाला देवळाचा ओटा, दुसऱ्या अंगाला कुणाच्या घराची पडवी. बायका-माणसं कौलांवर चढून बघायची. तात्यांचा ट्रेलर कुणाच्या भिंतीला कधी लागला नाही. हे ते स्वतः फारसं सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकायला थांबत.

पत्नी गेल्यापासून सदरबझारातल्या घरात बाप-लेक दोघंच राहत होते. लाजाळू बंपर लावलेली पहिली विजेवरची गाडी हर्षदानं तात्यांनाच भेट दिली होती. सकाळी दूध आणायला, मित्रांकडं, भजनाला, तात्या तीच गाडी घेऊन जायचे. कुठं कुणी बंपरकडं बोट दाखवलं की म्हणायचे, "माझ्या पोरीचा हाय त्यो."

मे महिन्यात तात्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, कोरेगाव रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. हर्षदा कारखान्यातून परस्पर पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, बँड जोरात होता आणि एका पाहुण्याला स्टँडवर सोडून, गाडी लावून नुकतेच परतलेले तात्या पंगतीला बसायच्या बेतात होते. जिलेबी वाढून होते ना होते तोच एक बाई आवारातून धावत आत आली.

"बाहेर गाड्यांच्या मधे कुणीतरी पडलंय. पायाला लई लागलंय."

लोक उठले. चिंचेच्या झाडापलीकडच्या, उन्हातल्या रांगेत, दोन गाड्यांच्या फटीत, एक साठीच्या पुढच्या बाई जमिनीवर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. गुडघ्याखाली पाय नको तसा वळला होता. त्या नवऱ्याकडच्या पाहुण्या होत्या, शैलजा जंगम. चपलेचा पट्टा लावायला वाकल्या असताना एक गाडी मागं आली, पाय दोन बंपरांमध्ये सापडला, आणि गाडी हातभर पुढं गेल्यावर त्या खाली कोसळल्या. त्यांनी हाका मारल्या होत्या. बँडमध्ये त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. कुठली गाडी, हे त्यांना सांगता येत नव्हतं. वेदनेनं डोळ्यापुढं अंधारी आली होती.

रुग्णवाहिका येऊन त्यांना घेऊन गेली. मग लोकांनी आसपासच्या गाड्यांचे बंपर पाहिले. ऊन रणरणत होतं. सगळे बंपर कोरे.

"लाजाळू हायेत सगळे," कुणीतरी म्हणालं. "काय कळणार हाय?"

"कॅमेरा?"

"मांडवाच्या कापडाखाली गेलाय."

हर्षदा तिथंच उभी होती. आपल्या बंपरचं नाव असं निघालेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात तात्या गर्दीतून पुढं आले. त्यांनी आपली गाडी पाहिली, मागची गाडी पाहिली, मधली जमीन पाहिली.

"माझ्या गाडीनं झालंय," ते म्हणाले. "मागं घेताना टेकलं. मला वाटलं, गाडीच हाय."

नवरीच्या वडिलांनी त्यांचा दंड धरला. "तात्या, असं कसं म्हणता? इथं सगळ्यांनीच टेकवल्यात गाड्या. उगं अंगावर घेऊ नका. लग्नघर आहे."

"टेकल्यावर जे लागलं ते मऊ व्हतं," तात्या म्हणाले. "माझ्या ध्यानात आलं न्हाय तवा. आता येतंय."

त्यांनी दंड सोडवून घेतला आणि हर्षदाकडं वळून पाहिलं. "पोलीस चौकीला जायचंय. तू चालव."

चौकीतल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, बाहेर येऊन गाडीभोवती फेरी मारली आणि डोकं खाजवलं.

"काका, गाडीवर काही नाही. कॅमेऱ्यात काही नाही. त्या बाई म्हणतात, त्यांनी बघितलं नाही. आणि तुम्ही म्हणताय, मीच."

"व्हय."

"लोक इथं उलटं सांगायला येतात."

"मला जे ठाऊक हाय ते सांगितलं," तात्या म्हणाले. "लिहून घ्या."

हर्षदा चौकीबाहेरच्या बाकावर बसून बघत होती. पुढं काय होईल याची तिला भीती वाटत होती. पण त्या कोऱ्या बंपरशेजारी ताठ उभ्या असलेल्या आपल्या बापाकडं बघताना तिची मान आपोआप वर झाली होती.

दोन दिवसांनी दोघं दवाखान्यात गेले. जंगम बाईंच्या पायाची शस्त्रक्रिया झाली होती. उशीला टेकून त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मी दिनकर ढाणे. तुमचा पाय माझ्या गाडीनं मोडला."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "पोलिसांनी सांगितलं, कुणीतरी स्वतःहून आलंय म्हणून. मला वाटलं, मुलाला नाहीतर नातवाला वाचवायला आलं असेल."

"न्हाय. मीच."

"बसा," बाई म्हणाल्या. तात्या बसले नाहीत. "मी कन्याशाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाते. पावसाळ्यातसुद्धा. डॉक्टर म्हणतात, चालाल, पण गडाचं पुढं बघू. मला तुमचा राग आलाय, ढाणे. तो एवढ्यात जाणार नाही."

"बरोबर हाय तुमचं."

"आणि या कोण?"

"माझी मुलगी. ह्यो बंपर तिनंच केलाय." तात्यांच्या तोंडून ते नेहमीच्या सुरात निघून गेलं. मग आपण कुठं उभे आहोत हे लक्षात येऊन त्यांनी मान खाली घातली.

बाई हर्षदाकडं वळल्या. आवाज चढला नव्हता. वर्गात चुकलेल्या मुलीशी बोलावं तशा त्या बोलत होत्या.

"मी ओरडले तेव्हा बँड वाजत होता. त्याला कुणाचा इलाज नाही. पण पूर्वी गाडी कुठं लागली तर निदान तिच्या अंगावर दिसायचं. माणूस घरी जाऊन बघायचा आणि म्हणायचा, हे कधी झालं? तुम्ही तो प्रश्नच काढून टाकलात, बाई."

परतताना हर्षदानं दवाखान्याच्या दारातल्या गाड्यांचे बंपर एकेक करून पाहिले.

कारखान्यात वेगळीच धांदल होती. दोन मोठ्या मोटार कंपन्यांचे अभियंते लवकरच शिरवळला येणार होते. लाजाळू त्यांच्या सगळ्या गाड्यांवर बसवायचा करार व्हायचा होता. कारखान्याचे संचालक मकरंद फाटक यांनी हर्षदाला केबिनमध्ये बोलावलं. ते तिचे पहिल्यापासूनचे पाठीराखे. प्रयोग फसत होते त्या वर्षांत तिच्या विभागाला कुणाला हात लावू दिला नव्हता तो यांनीच.

"तात्यांनी केलं ते मोठं आहे," ते म्हणाले. "मला जमलं नसतं. पण यात बंपरचा संबंध नाही, हर्षदा. बंपरनं त्याचं काम चोख केलं."

"तेच मला खुपतंय, सर."

"आत्ता खुपू देऊ नकोस. करार होऊ दे."

घरी वेगळा प्रश्न उभा होता. नातेवाईक फोनवर फोन करत होते. तात्यांना वयोमानानं भास होतोय, उगाच बदनामी होतेय, पोलिसांनाही पुरावा मिळत नाही, मग कशाला? तात्या ऐकून घेत आणि फोन ठेवून देत. एका सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "तुझ्या त्या कारखान्यात काय यंत्र न्हाय का, गाडीला लागलेलं दाखवणारं?"

हर्षदाचा कप हातातच राहिला. तसं यंत्र होतं, पण त्याचा असा उपयोग करायचं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

बंपरला चकाकी यावी म्हणून रंगात अभ्रकाच्या बारीक कपच्या मिसळलेल्या असतात. धक्का बसला की साखळ्यांबरोबर त्या कपच्याही कलतात. ऊन लागलं की साखळ्या आपल्या जागी परततात, पण कपच्यांना परतायची ओढ नसते. त्या किंचित तिरक्याच राहतात. साध्या डोळ्यांना ते दिसत नाही. प्रकाश एका विशिष्ट काचेतून गाळून घेतला, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतील असा केला, आणि तसल्याच दुसऱ्या काचेतून पाहिलं, तर कललेल्या कपच्या रंगीत दिसतात. संशोधनाच्या काळात हर्षदाच्या विभागाला हे आढळलं होतं. बिनकामाचं म्हणून सोडून दिलं होतं.

पोलिसांची परवानगी घेऊन गाडी शिरवळला आणली. दुपारची वेळ होती. प्रयोगशाळेचे पडदे ओढले, दिवा लावला. हर्षदानं काच डोळ्यांपुढं धरली आणि मागच्या बंपरवरून दिवा हळूहळू फिरवायला सुरुवात केली. तात्या मागं हात बांधून उभे होते.

मधोमध एक अरुंद, उभी खूण उजळली. निळी, कडेला पिवळी. माणसाच्या नडगीएवढी रुंद. हर्षदानं दिवा तिथंच धरला आणि काच वडिलांच्या हातात दिली.

"हीच," तात्या म्हणाले. "मला म्हाईतच व्हतं."

तिनं दिवा डावीकडं नेला. तिथं काही गोल खुणा होत्या, सारख्या आकाराच्या, एका ओळीत. सावकाश, ठरवून टेकवलेल्या. मग तिनं दिवा उजवीकडं नेला, आणि तिचा हात थांबला. उजवा कोपरा खुणांनी भरून गेला होता. एकीवर एक चढलेल्या, आडव्या ओढलेल्या, काही टोकापासून थेट चाकावरच्या कमानीपर्यंत गेलेल्या.

"किती हायेत?" तात्यांनी विचारलं.

"बऱ्याच आहेत, तात्या."

"टेकवल्यावर पडतातच की."

"डावीकडच्या टेकवलेल्या आहेत. या तशा नाहीत." तिनं दिवा चाकावरच्या कमानीपर्यंत नेला. "या घासत गेल्यात. लागल्यावरही गाडी थांबलेली नाही. तुम्हाला लागलेलं कळलेलंच नाही."

तात्यांनी काच डोळ्यांपुढं धरून तो कोपरा नीट पाहिला. आयुष्यभर ज्या माणसाचा ट्रेलर कुणाच्या भिंतीला लागला नव्हता, तो माणूस आपल्या छोट्या गाडीवरची ती गर्दी बघत होता. त्यांनी काच टेबलावर ठेवली.

"पडदे उघड," ते म्हणाले. "डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेली होती, डाव्याची थोडी. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून रोग्याला काही वाटत नाही. बाजूची जी जागा दिसत नाही ती मेंदू आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो, त्यामुळं तिथं काही कमी आहे हेच ध्यानात येत नाही. आहे ती नजर औषधानं राखता येईल, गेलेली परत येणार नाही. आणि गाडी चालवायची नाही.

"आणखी आधी आला असतात तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य हर्षदाच्या मनातून जाईना. आधी म्हणजे कधी? जुन्या साध्या बंपरवर उजव्या कोपऱ्यात एक चरा दिसला असता. तिनं विचारलं असतं, तात्या, हे कुठं लागलं? आठ-पंधरा दिवसांनी दुसरा दिसला असता, तिसऱ्याला तिनं त्यांना दवाखान्यात नेलं असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची नजर उतरली, हात थरथरू लागला, हे घराला असंच कळत आलं होतं. गाडी सांगायची. तिनं गाडीचं तोंड बंद केलं होतं, आणि ती गाडी स्वतःच्या हातानं बापाच्या दारात उभी केली होती.

तात्यांनी त्याच आठवड्यात लायसन्स परत केलं. कोर्टात उभे राहिले तेव्हा गुन्हा कबूल आहे म्हणाले, आणि न्यायाधीशांनी जे सांगितलं ते मान्य करून घरी आले. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. त्या संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. हर्षदा शेजारी पायरीवर टेकली.

"माझ्यामुळं झालं, तात्या."

"पाय मी मोडला," तात्या म्हणाले. "त्यो तू घेऊ नगंस. पन त्या बाई बोलल्या ते खरं हाय. त्याचं बघ काय हुतंय का."

ती दुसऱ्या दिवसापासून लागली. असे काही रंगाचे रेणू असतात की त्यांच्यावर ताण आला की त्यांची मिटलेली घडी उघडते आणि रंग बदलतो. ते तिनं कायमच्या जाळीत गुंफले. बंपर पूर्वीसारखाच भरून येणार, खड्डा राहणार नाही, पण जिथं लागलं तिथं जांभळा डाग उमटणार. उन्हानं तो जाणार नाही. गॅरेजमध्ये एका खास दिव्याखाली धरला तरच पुसला जाईल. म्हणजे पुसण्याआधी आणखी एका माणसाच्या नजरेखालून तो जाईल. तिला नेमकं तेच हवं होतं.

"डाग दाखवणारा बंपर?" फाटकांनी नमुना हातात घेऊन विचारलं. "आपण इतकी वर्षं डाग नाही म्हणून विकला. हा कोण घेणार?"

हर्षदानं उत्तर द्यायच्या आधी त्यांना खाली कार्यशाळेत नेलं. तात्यांच्या बंपरचा उजवा कोपरा करवतीनं कापून ठेवला होता. बाहेरची कातडी आरशासारखी. तिच्या आत धक्का झेलणारा जो फेसाचा ठोकळा असतो तो चुरा होऊन बसला होता. फाटकांनी बोट लावलं, तसा तो खाली सांडला.

"कातडी भरून येते, आतला ठोकळा नाही," हर्षदा म्हणाली. "असे कोरे बंपर रस्त्यावर किती असतील, सर? मोठा धक्का बसेल त्या दिवशी आत काहीच नसेल. मालक मात्र नवाकोरा समजून चालवतोय."

फाटक त्या चुऱ्याकडं बघत राहिले. "हे आपल्या चाचण्यांत कसं नाही आलं?"

"आपण एक-एक धक्का मोजला. लोक रोज टेकवतील हे आपल्याला सुचलं नाही."

त्यांनी हात झटकले. "पाहुण्यांसमोर तूच मांड," ते म्हणाले. "करार गेला तर गेला. पण प्रयोगशाळेतला तुकडा दाखवू नकोस. त्यांना खऱ्या रस्त्यावरचा बंपर लागेल."

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा तात्यांनी विचारही केला नाही.

"माझाच ने. उरलाय की."

"तात्या, लोक विचारतील कुणाचा म्हणून."

"इचारू दे."

तिनं मनाशी ठरवलं की नाव सांगायचं नाही.

शिरवळच्या सभागृहात त्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे अभियंते, विक्रीची माणसं, विम्याची माणसं बसली होती. पहिल्या रांगेच्या कडेला कुबडी टेकवून जंगम बाई होत्या. हर्षदानं त्यांना स्वतः जाऊन बोलावलं होतं, आणि राग अजून आहे असं सांगून त्या आल्या होत्या. शेवटच्या रांगेत इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले तात्या.

दिवे मालवले. व्यासपीठावर तात्यांचा कोरा बंपर उभा होता, कापलेला कोपरा त्याच्या जागी टेकवून ठेवलेला. हर्षदानं गाळलेल्या प्रकाशाचा झोत टाकला, कॅमेऱ्यासमोर मोठी काच धरली, आणि पडद्यावर एकेक खूण उजळत गेली. ती शांतपणे सांगत गेली. ही टेकवलेली. ही घासलेली. इथं नजर कमी पडली. इथंही. आणि ही नडगीची. मग तिनं कापलेला कोपरा सुटा करून आतला चुरा दाखवला, आणि शेजारी ठेवलेल्या नव्या बंपरवर हातोडी मारून उमटलेला जांभळा डाग दाखवला.

दिवे लागल्यावर एका अभियंत्यानं विचारलं, "हा बंपर चाचणीसाठी मुद्दाम वापरलेला आहे, की खऱ्या गाडीचा आहे?"

"खऱ्या गाडीचा."

"चालक कोण होता? त्याचं म्हणणं काय आहे? कारण कुठलाच चालक हे मान्य करणार नाही."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी व्हतो," तात्या म्हणाले. सगळ्यांच्या माना वळल्या. "दिनकर ढाणे. पवनचक्कीची पाती नेली मी त्या डोंगरावर, कुठं लागलं न्हाय. ह्या गाडीला लागलं, तर मला कळलं न्हाय. कुणीच सांगितलं न्हाय मला. ह्यो दुसरा बंपर असता तर त्यानं सांगितलं असतं. म्हणून म्हणतो, ह्योच बसवा."

ते खाली बसणार तोच पुन्हा उभे राहिले. "आन् ती बोलतीया, ती माझी मुलगी हाय."

पहिल्या रांगेत जंगम बाईंनी कुबडी बाजूला ठेवली आणि टाळी वाजवली. मग सभागृह वाजू लागलं.

करार व्हायला पुढं बरेच महिने गेले, आणि तो जांभळ्या डागाच्या बंपरचाच झाला. त्या दिवशी मात्र काहीच ठरलं नव्हतं. सभा संपल्यावर पाहुणे बाहेर आले, तर जो तो आपापल्या गाडीच्या मागं वाकून बंपर निरखू लागला. उन्हात सगळे बंपर लखलखत होते आणि त्यांवर काहीच दिसत नव्हतं. तरी माणसं हात फिरवून बघत होती.

हर्षदाची गाडी दोन गाड्यांच्या मधे दाटीत अडकली होती. ती चाकामागं बसली. तात्या आत बसले नाहीत. ते पुढं जाऊन तिला समोर दिसतील असे उभे राहिले, मान आधी एका बाजूला पूर्ण वळवली, मग दुसऱ्या बाजूला, सगळी जागा डोळ्यांखालून घातली, आणि दोन्ही हात वर केले.

"येऊ दे," ते मोठ्यानं म्हणाले. "सावकाश. येऊ दे."

आवारातले लोक थांबून बघू लागले. गाडी कुठंही न टेकता बाहेर आली.